वीसचा आकडा

रविवारी सकाळी साडेअकराला तळघरातली, घर तापवणारी गॅसची फर्नेस सुरू झाली ती थांबेचना.

उमाताई तेव्हा दिवाणखान्यात देव मांडत होत्या. नाताळच्या सुट्टीतलं कीर्तन हा या घराचा रिवाज. चौऱ्याहत्तर साली तो सुरू झाला, तेव्हा एडमंटनमध्ये मराठी घरं बोटांवर मोजण्याइतकी होती आणि एकादशी म्हणून रजा द्यायला कुणाचा साहेब तयार नव्हता. मग देवालाच विनवलं, बाबा रे, जगाला सुट्टी असेल तेव्हा तू ये. तो बिचारा आला, आणि येत राहिला. तेव्हापासून डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी दुपारी तीनला उमाताई नऊवारी नेसून, हातात चिपळ्या घेऊन उभ्या राहत, आणि चाळीसेक माणसं दारात बुटांचा ढीग टाकून गालिच्यावर मांड्या घालून बसत. बाहेर उणे वीस असो नाहीतर उणे चाळीस. आज उणे एकतीस होतं.

"अहो, ही थांबत का नाही?" उमाताईंनी विचारलं.

शरदचंद्र हातातली सतरंजी तशीच धरून कान देऊन उभे होते. "थांबेल. सकाळपासून दारांची उघडझाप चाललीय तुमची सगळ्यांची."

"आम्ही खुर्च्या आणतोय बाबा, बाहेरच्या गराजमधून," देवेश म्हणाला. "दार न उघडता कशा आणायच्या?"

यामिनी, त्यांची सून, दोन स्वेटरांवर शाल घेऊन हार गुंफत होती. देशाच्या पूर्वेकडच्या केंब्रिजहून गुरुवारी आल्यापासून तिने थंडीबद्दल चकार शब्द काढला नव्हता; फक्त तिचे स्वेटर एकाचे दोन झाले होते. लेक ईशानी मात्र पांघरूण अंगाभोवती गुंडाळून घरभर हिंडत होती. आजोबांनी तिला सांगून टाकलं होतं, "तुमच्याकडची थंडी ओली, आमची कोरडी. दोन दिवसांत अंगवळणी पडेल. घर वीसवर आहे, बघ जाऊन."

घर वीसवर होतं. तोच तर सगळा प्रश्न होता.

उन्हाळ्यात बापलेकांत शब्द झाला होता. देवेशचं म्हणणं, एवढं जुनं घर, तुम्ही दोघंच, पेन्शनीतला घास गॅस कंपनीच्या तोंडात जातोय. घर विका आणि आमच्याजवळ केंब्रिजला या. शरदचंद्रांना हे झोंबलं. आयुष्यभर तेलशुद्धीकरण कारखान्यात इन्स्ट्रुमेंट इंजिनिअर म्हणून काढलेलं, एकतीस वर्षं मोठमोठ्या टाक्यांना तापमापक कुठे बसवायचा हे लोकांना सांगितलेलं. आणि स्वतःचं घर राखता येत नाही असं पोराने म्हणावं? ते म्हणाले, "या हिवाळ्यात गॅस पाव हिश्शाने कमी करून दाखवतो. दाखवला तर घराचा विषय कायमचा बंद. नाही जमलं तर वसंतात विक्रीची पाटी लाव दारात."

मग म्हातारा कामाला लागला. सप्टेंबरात भाड्याचं यंत्र आणून माळ्यावर ऊब कोंडून धरणारं चोवीस पोती इन्सुलेशन फुंकून टाकलं. खिडक्यांना प्लास्टिकचा पारदर्शक कागद लावून हेअर ड्रायरने ताणून बसवला. उमाताईंनी जुन्या साड्यांच्या लांब वळकट्या शिवून दारांच्या फटींपुढे टाकल्या. आणि शुक्रवारी नोव्हेंबर-डिसेंबरचं बिल आलं: एक तृतीयांश गॅस कमी! पाव हिस्सा कबूल केला होता, पठ्ठ्याने त्याहून जास्त आणला. शरदचंद्रांनी त्याचा आलेख मोठ्या कागदावर काढला होता. आज कीर्तनाआधी पाहुण्यांचं स्वागत करताना तो ते दाखवणार होते. देवेशचं तोंड शुक्रवारपासून जरासं उतरलेलं होतं.

पण देवेशला ठाऊक होतं आणि शरदचंद्रांना ठाऊक नव्हतं असं एक होतं. विमानतळावरून येताना, गाडीत मागच्या सीटवर, उमाताई लेकाला हळूच म्हणाल्या होत्या, "तुझ्या त्या घरं विकणाऱ्या एजंटला बोलव. बाबांचं मी बघते."

कारण उमाताईंना गार वाटत होतं. ऑक्टोबरच्या अखेरीपासून ते गारठणं हाडांत जाऊन बसलं होतं. रियाजाला बसावं तर गळा तापत नसे. चिपळ्या धराव्या तर बोटं लाकडासारखी होत. नवऱ्याला सांगितलं तेव्हा त्यांनी प्रेमानेच हाताला धरून बोळात नेलं, फर्नेस चालू-बंद करणाऱ्या भिंतीवरच्या थर्मोस्टॅटचा आकडा दाखवला. "वीस. बघ. घरात गार नाही उमा, वयामुळे वाटतंय तुला." डॉक्टरांनी रक्त तपासलं, सगळं ठीक निघालं. मग उरलं काय? वयच. त्यांनी मनाशी ठरवून टाकलं, या वर्षीचं कीर्तन शेवटचं. आणि कीर्तनच नसेल तर या घराला धरून बसायचं तरी कशासाठी?

हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. देवालाही नाही. त्याला न सांगता कळतं, एवढी खात्री होती.

"सोळा!"

शरदचंद्रांची हाक बोळातून आली तशी सगळी तिकडे धावली. थर्मोस्टॅटवर सोळाचा आकडा हिरवागार चमकत होता.

"वीसवर लावलंय मी. सकाळी नऊला वीस दाखवत होतं. तीन तासांत चार अंश कसं पडेल?" त्यांनी दारं पाहिली, साड्यांच्या वळकट्या पायाने घट्ट सरकवल्या, खिडक्यांवरून हात फिरवला.

"बाबा," देवेश म्हणाला, "फर्नेस अर्धा तास चाललीय आणि घर सोळावर आहे. म्हणजे ऊब टिकत नाही. चोवीस पोती टाकूनही टिकत नाही. दुसरा काय अर्थ आहे?"

"अर्थ मी सांगतो तुला. यंत्र बिघडलंय."

"यंत्र बिघडलं की घर जुनं झालं?"

"देवेश," यामिनी म्हणाली.

"मी चुकीचं काही बोलतोय का? आज चाळीस माणसं येणार आहेत!"

"चाळीस माणसांची ऊब म्हणजे शंभर शंभर वॅटचे चाळीस दिवे," शरदचंद्र गुरगुरले. "पाहुण्यांची काळजी तू करू नकोस."

ईशानी पांघरुणातून डोकं काढून भिंतीकडे बघत होती. हॅमिल्टनला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होती ती. बोलायची इंग्रजीच, पण आजोबांशी बोलताना मधूनमधून मराठी पेरायची. "आजोबा, व्हॉट चेंज्ड? सकाळपासून काय चेंज झालं?"

"काही नाही."

"समथिंग मस्ट हॅव."

"अगं, काही नाही बदललं. देव तेवढे आजीने बाहेर नेले."

ते वाक्य तोंडातून बाहेर पडलं आणि शरदचंद्र थांबले. थर्मोस्टॅटच्या खाली, वीतभर अंतरावर, रिकामी लाकडी फळी होती. तिच्यावर नवरात्रापासून देव होते. आधी ते तळघरात असत. उमाताईंच्या गुडघ्यांना जिना झेपेना म्हणून वर आणले. ईशान्येची मोकळी भिंत घरात एकच, ही. शरदचंद्रांनीच पातळी लावून, स्क्रू पिळून फळी बसवली होती. केसभरही वाकडी नव्हती. आणि त्या फळीवर, काचेच्या चिमणीत, अहोरात्र नंदादीप तेवत होता.

ईशानी दिवाणखान्यात गेली. दोन्ही हातांत सांभाळून तिने नंदादीप आणला, फळीवर ठेवला आणि मागे सरली.

सगळी जण त्या आकड्याकडे बघत राहिली. सोळा. मग साडेसोळा. यामिनीने हार खाली ठेवला. सतरा. देवेशने हातातली खुर्ची उघडली आणि तिच्यावर बसला. अठरा, एकोणीस. दहा-बारा मिनिटं कुणी हललं नाही. वीसचा आकडा आला, आणि तळघरातली फर्नेस गपकन बंद झाली.

देवेश खुर्चीवरून उठला.

"म्हणजे," देवेशच्या ओठांवर हसू फुटायला लागलं होतं, "दोन महिने वीस अंश फक्त त्या दिव्याच्या डोक्यावर होते? आणि बाकी घर सोळावर? बाबा, तुमचा एक तृतीयांश..."

यामिनीने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"टू व्हेरिएबल्स, आजोबा," ईशानी हळू म्हणाली. "इन्सुलेशन आणि दिवा. तुम्हीच शिकवलंत मला, एका वेळी एकच गोष्ट बदलायची."

"हो," शरदचंद्र म्हणाले. "मीच शिकवलं."

त्यांनी वाकून नंदादीप उचलला, दिवाणखान्यात नेऊन देवांपुढे ठेवला आणि त्याला हात जोडले. मग सरळ खोलीत निघून गेले. थोड्या वेळाने फर्नेस पुन्हा घोंघावू लागली. या वेळी तिला थांबवायला कुणी गेलं नाही.

उमाताई मात्र बोळातच उभ्या होत्या. खरं सांगायचं तर पहिली आली ती खुशी. मी आजारी नाही! माझं रक्त थंड झालेलं नाही, माझा गळा गेलेला नाही. घरच गार होतं! मग पाठोपाठ राग आला. दोन महिने हा माणूस मला हाताला धरून भिंत दाखवत होता. जाब विचारायचा म्हणून त्या खोलीत शिरल्या, तर शरदचंद्र पलंगाच्या कडेला बसलेले. आलेखाची गुंडाळी मांडीवर होती.

"तू म्हणत होतीस, गार वाटतंय," ते म्हणाले.

"म्हणत होते."

"कितीदा?"

"मोजलं नाही मी. मोजण्याचं खातं तुमच्याकडे आहे."

त्यांनी मान हलवली. एरवी एवढ्यावर त्यांनी दोन तरी प्रत्युत्तरं दिली असती. "आणि मी काय सांगत होतो? वयामुळे वाटतंय. एकतीस वर्षं मी पोरांना ओरडलो असेन, अरे, तापमापक गरम पाइपाशेजारी लावू नका. आणि स्वतःच्या घरात ही अक्कल. देव मधे आले ना, तिथे शंका घ्यायचं सुचलंच नाही."

राग कुठल्या कुठे गेला. उमाताई त्यांच्याशेजारी बसल्या. "आज नका काही बोलू. पाहुण्यांना काय करायचंय? नुसतं या, बसा म्हणा. आलेख राहू दे. कुणाला कळणार आहे?"

"मला कळलंय की."

"अहो, चारचौघांत स्वतःची शोभा कशाला?"

"माझ्या शब्दावर लोकांनी पैसे घातलेत उमा. आपल्या हार्मोनियमवाल्या विलासरावांनी माळा भरून घेतला, माझ्या सांगण्यावरून. आणि देवेशला शब्द दिलाय तो खऱ्या आकड्यावर दिलाय. दिव्याच्या नाही." त्यांनी गुंडाळीची घडी घातली आणि कागद टोपलीत टाकला. "तू साडी नेस. उशीर होईल."

गाडीतली गोष्ट त्यांना सांगावी म्हणून उमाताईंनी तोंड उघडलं. पण ती जिभेवर येईना. असल्या माणसाला कसं सांगायचं, तुमच्या पाठीमागे मी तुमचं घर सोडून दिलं होतं? त्या कपाटाकडे वळल्या. साडी नेसताना सवयीने षड्ज लावला, आणि चकित होऊन थांबल्या. खोलीतली हवा कोमट होत चालली होती, आणि सूर कुठेही न अडखळता छातीतून वर येत होता. त्यांनी पुन्हा लावला. पुन्हा आला.

तीन वाजेपर्यंत दाराशी बूट, जाकिटं, टोप्या यांचा डोंगर झाला. माणसं हात चोळत आत येत आणि आत आली की आश्चर्याने स्वेटरची बटणं सोडत. "काय उबदार केलंय हो घर यंदा!" असं तिघाचौघांनी तरी म्हटलं, आणि दर वेळी देवेश पायांकडे बघत राहिला. विलासराव हार्मोनियम घेऊन बसले. रिटायर होण्याआधी ते हाडांचे डॉक्टर होते. अजूनही सूर धरताना माणसाचा खांदा बसवल्यासारखा भाता दाबत. त्यांचं घर इथून तीन गल्ल्या पलीकडे, त्याच बिल्डरचं, त्याच नकाशाचं.

उमाताई देवांना नमस्कार करून उभ्या राहिल्या. यजमान म्हणून शरदचंद्र पुढे आले, बुक्का लावायला, हार घालायला. त्यांनी हार हातात घेतला आणि लोकांकडे वळले.

"कीर्तनाआधी माझं एक निरूपण ऐकून घ्या. छोटं आहे." लोक हसले. शरदचंद्र हसले नाहीत. "तुमच्यापैकी बऱ्याच जणांना मी शुक्रवारपासून फोन करकरून सांगतोय की मी गॅस एक तृतीयांशाने कमी केला. ते खोटं आहे. मी खोटं बोललो नाही, पण ते खोटं आहे." आणि मग त्यांनी सगळं सांगितलं. फळी कुणी बसवली, दिवा कुठे होता, आकडा काय दाखवत होता, घर खरं किती होतं. काही झाकलं नाही, कुणावर ढकललं नाही. "दोन महिने ही मला सांगत होती, गार वाटतंय. मी तिला आकडा दाखवत होतो. यंत्रावर विश्वास ठेवला आणि बायकोवर नाही. एवढंच. चुकलं माझं."

उमाताईंच्या डोळ्यांपुढे समोरची माणसं धूसर झाली. पन्नास वर्षांत या माणसाला बढत्या मिळाल्या, मानपत्रं मिळाली, मंडळाने शाल दिली. पण असा अभिमान त्यांना आजवर कधी वाटला नव्हता. हा माझा नवरा, असं त्यांना पुढच्या रांगेपासून मागच्या रांगेपर्यंत प्रत्येकाला हात धरून सांगावंसं वाटलं.

"शरदराव," हार्मोनियमवरून विलासराव म्हणाले, "पण माझ्या माळ्यावरही तुम्हीच पोती टाकायला लावलीत!"

"तुमच्याकडे थर्मोस्टॅटखाली देव आहेत का?"

"नाहीत. तिथे हिच्या माहेरच्यांचा फोटो आहे. त्याच्याने ऊब येत नाही." पुन्हा हशा. "पण माझं बिल उतरलं ना. वीसला घर, आणि पाचवा हिस्सा गॅस कमी. चांगलं लक्षात आहे माझ्या."

"पाचवा? नक्की?"

"नक्की."

शरदचंद्रांच्या चेहऱ्यावर क्षणभर तेज आलं. कारण पोती वाया गेली नव्हती, काम खरं होतं. मग ते तेज निवलं, कारण गणित पुढे गेलं होतं. त्यांनी लेकाकडे पाहिलं.

"म्हणजे खरा आकडा पाचवा. आणि बोली पाव हिश्शाची होती. देवेश, मी हरलो. वसंतात पाटी लाव."

"बाबा, हे आत्ता कशाला..."

"शब्द म्हणजे शब्द."

देवेश उभा राहिला. जिंकायला तो आला होता, आणि जिंकून असा उभा होता, जणू कुणी त्याच्याकडून काही काढून घेतलंय. त्याने आईकडे पाहिलं. त्या बघण्यात गाडीतला होकार होता, आणि मी तो सांगणार नाही, हेही होतं.

तेव्हा उमाताई बोलल्या.

"यजमान, हार घाला की. किती वेळ हातात धरून उभे राहणार?"

शरदचंद्रांनी भांबावून हार घातला. कपाळी बुक्का लावला. आणि रिवाजाप्रमाणे, नारदाच्या गादीवर उभ्या असलेल्या माणसापुढे लहानथोर सगळे वाकतात तसे, ते बायकोपुढे वाकले. उमाताईंनी त्यांना उठवलं.

"आता मी गादीवर आहे," त्या म्हणाल्या. "इथून खोटं बोलता येत नाही, म्हणून मीही सांगते. गुरुवारी मी देवेशला सांगितलं होतं, घर विकायला माझी हरकत नाही. यांना न विचारता."

"कुणाला सांगितलंस?" शरदचंद्रांनी विचारलं.

"देवेशला."

"मला न सांगता?"

"तुम्ही भिंत दाखवली असती."

हार्मोनियमच्या बाजूने खुदकन हसू फुटलं आणि दिवाणखानाभर पसरलं. शरदचंद्रही हसले, डोळे पुसत हसले.

"मला वाटलं होतं, माझ्यातलीच ऊब संपली. आजचं कीर्तन शेवटचं म्हणून मी उभी राहणार होते. तो होकार गारठ्यातला होता. तो मी परत घेते." उमाताईंचा आवाज आता लागला होता; मागच्या भिंतीपर्यंत भरून जात होता. "तुम्ही बापलेकांनी पैज लावली. पाव हिस्सा की पाचवा हिस्सा, कोण जिंकलं, कोण हरलं, ते तुमचं तुम्ही बघा. हे घर दोन नावांवर आहे. त्यातलं एक नाव माझं आहे, आणि ते नाव नाही म्हणतंय. अजून पुष्कळ आख्यानं राहिलीत माझी."

ईशानीने टाळी वाजवली. एकटीनेच, पण जोरात.

देवेश पुढे आला. गुडघे टेकून त्याने आईच्या पायांवर डोकं ठेवलं. मग वळून बाबांच्याही. "बाबा, पाचवा हिस्सा पुष्कळ झाला," तो म्हणाला. "पावाची पैज मी उगाच लागू दिली." आणि उमाताईंकडे मान वर करून, "आई, सुरू कर. घराचं मी परत कधी विचारणार नाही."

"विचार ना," उमाताई म्हणाल्या. "दर वर्षी विचार. पण मला विचार."